पसरणीच्या घाटात विरणारा ढग

जुलै महिन्यातल्या एका दुपारी महाबळेश्वरहून साताऱ्याकडे निघालेल्या एसटीत भिलार फाट्यावर एक वयस्कर गृहस्थ चढले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ त्यांनी काढून नीट घडी केली आणि हातातली काळी छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. छत्रीतून निथळणाऱ्या पाण्याची धार पत्र्यावरून माझ्या पिशवीकडे येऊ लागली, म्हणून मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. ते त्यांच्या लक्षात आले. त्यांनी छत्री खिडकीच्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. आमच्याकडं येईस्तोवर वाळंल ही." त्यांची लेक भिलारला दिलेली होती आणि स्वतःचे गाव म्हसवडच्या अंगाला, दुष्काळी माणदेशात होते. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेवाही नव्हता. रोजचा व्यवहार सांगावा तसे ते त्यांनी सांगितले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. ते छत्रीविषयी बोलत होते. पण अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्री ओलांडून माणदेशाकडे जाताना नेमके हेच करतो. तोही तिथे पोहोचेपर्यंत वाळलेला असतो.

पाचगणी सोडून बस पसरणीच्या घाटाला लागली, तेव्हा मी खिडकीची काच वर केली. हा घाट मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण त्या दिवशी एका वळणावर पुढे म्हशींचा कळप आल्यामुळे बस बराच वेळ थांबली आणि समोरच्या कड्यावरचा ढग न्याहाळायला मिळाला. माथ्यावरून करडा, जाड ढग आमच्या बाजूला ओसंडत होता. कड्याच्या तोंडाशी तो इतका दाट होता की खडक दिसत नव्हता. पण थोडे खाली आल्यावर त्याची किनार फाटत होती, तिचे धागे सुटत होते, एकेक धागा पांढरट आणि मग पारदर्शक होत होता आणि माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा होत होता. तो खाली पडत नव्हता, बाजूलाही जात नव्हता. तो हवेत होता आणि मग नव्हता. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की ढगाची ती खालची कड जागची हलत नव्हती. वारा जोरात होता, ढगातली हवा सतत पुढे येत होती, तरी ढग मात्र कड्यावरच्या एका ठरावीक पातळीपर्यंतच होता. त्या पातळीच्या वर हवा दिसत होती, खाली तीच हवा दिसत नव्हती. बस पुन्हा सुरू झाली, दोन वळणे उतरलो आणि वाईच्या बाजूचे ऊन समोर आले. कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी, हिरवी शेते असे सगळे लख्ख दिसत होते आणि मागे माथ्यावर तोच ढग तसाच बसलेला होता.

हवामान म्हणजे काय, हा प्रश्न शाळेत आपण सगळ्यांनी तापमान, दाब, आर्द्रता, वारा आणि पर्जन्य अशा घटकांची यादी लिहून सोडवलेला असतो. ती यादी चूक नाही. पण तो ढग पाहताना मला वाटले की हवामान ही एखाद्या जागेवर असणारी वस्तूच नाही. ते जाणाऱ्या हवेचे होत राहणे आहे. जागा तीच राहते, हवा बदलते; आणि त्या जागेवरून जाताना हवेला वर चढावे लागते की खाली उतरावे लागते, यावर त्या जागेच्या वाट्याला काय येणार हे पुष्कळसे ठरते.

चढणारी हवा थंड का होते, याचे उत्तर अनेकांच्या मनात 'उंचावर थंडी असते म्हणून' असे असते, आणि त्यामुळे खरी गंमत निसटते. उंच गेल्यावर हवेवरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावण्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरले तर ती गार लागते, तसेच हे आहे. कोरडी हवा दर किलोमीटर चढाईला सुमारे दहा अंश सेल्सिअस थंड होते. थंड होता होता एका उंचीवर तिच्यातले बाष्प मावेनासे होते आणि त्याचे सूक्ष्म थेंब बनू लागतात. तिथे ढगाचा तळ असतो. मात्र बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती त्याच हवेला मिळते, म्हणून ढगात शिरल्यानंतर हवेचे थंड होणे मंदावते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते किलोमीटरला साडेचार-पाच अंशांपर्यंत येते.

आता महाड-पोलादपूरकडून निघालेल्या हवेचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. पायथ्याशी ती २८ अंशांची आहे असे धरू. चारशे मीटरवर ढग सुरू होतो, तोपर्यंत ती २४ अंशांवर आलेली असते. तिथून चौदाशे मीटरच्या माथ्यापर्यंतचा एक किलोमीटर ती ढगातून चढते आणि साधारण साडेएकोणीस अंशांवर पोहोचते. वाटेत तिने आपले पाणी माथ्यावर सोडून दिले, असे समजू. आता ती वाईकडे उतरू लागते. आता ढग नाही, म्हणून तिचे तापणे पुन्हा किलोमीटरला दहा अंशांच्या दराने होते. सातशे मीटरवर येईपर्यंत ती साडेसव्वीस अंशांची झालेली असते. कोकणाच्या बाजूने चढताना ह्याच सातशे मीटर उंचीवर ती साडेबावीसची होती. म्हणजे डोंगर ओलांडण्याच्या खटाटोपात ती चार अंशांनी गरम झाली आणि पाणी मात्र गमावून बसली. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले की हवेत मावू शकणारे बाष्प जवळपास दुप्पट होते. म्हणून उतरणारी हवा पाऊस देणे तर दूरच, उरलासुरला ढगही पिऊन टाकते. पसरणीच्या घाटात मी पाहिली ती ढगाची न हलणारी कड म्हणजे हे पिणे जिथे पूर्ण होते ती रेषा होती.

यामुळेच महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्यातला फरक मला नेहमी चकित करतो. दोन्ही गावे जवळपास एकाच उंचीवर आहेत. दोघांच्या उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही. अंतर रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर. तरी महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. उंची महत्त्वाची असती तर हे झाले नसते. महत्त्वाचे आहे ते वाऱ्याच्या वाटेत पहिल्यांदा उभे असणे. महाबळेश्वर कोकणाकडे तोंड करून कड्यावर बसले आहे. ऑर्थर सीटवरून हलकी वस्तू दरीत टाकली तर ती वर परत येते, इतकी हवा तिथे उभी चढत असते. पाचगणीपर्यंत येणाऱ्या हवेने चढण संपवलेली असते. त्यापुढे वाईला सात-आठशे मिलिमीटर आणि म्हसवड-दहिवडीच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. महाबळेश्वर ते म्हसवड हे सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात मोडतात.

माझे बालपण साताऱ्यात गेले, म्हणजे या उतरंडीच्या मधोमध. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर दिसे आणि पूर्वेला दूरवर जरंडेश्वर. पावसाळ्यात यवतेश्वर आठवडेच्या आठवडे दिसत नसे. त्याच्या जागी एक काळसर भिंत असे. त्याच वेळी जरंडेश्वरावर ऊन पडलेले असे. आई कपडे वाळत घालायचे की नाही, हे घड्याळ पाहून नव्हे तर यवतेश्वराकडे पाहून ठरवत असे. डोंगराची कड दिसू लागली की ती बादली घेऊन वर जाई. कड पुसट झाली की कपडे काढायला किती वेळ हातात आहे ते तिला अचूक कळे. आजीची रीत वेगळी होती. ती पंचांगातले नक्षत्र आणि त्याचे वाहन पाही. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की समाधानाने मान हलवी. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा ही नावे मी तिच्याकडून ऐकली. वाहनावरून पाऊस ठरत नाही हे खरेच. पण पावसाची जात दर दोन आठवड्यांनी बदलते, जूनची सर आणि ऑगस्टची झड एक नव्हे, ही जाण त्या नावांमध्ये आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. मला आजही आईचे पाहणे आणि आजीचे मोजणे या दोन्हींविषयी आदर वाटतो, आणि दोन्ही आता घरात उरलेली नाहीत याचे वाईटही वाटते. कपडे वाळत घालण्याआधी आम्ही आता मोबाइल पाहतो.

वारा मुळात येतो कुठून, हे समजून घ्यायला सातारा जिल्हा पुरत नाही. सूर्य पृथ्वीला सगळीकडे सारखा तापवत नाही, आणि जमीन व पाणी सारखे तापत नाहीत. तेवढेच तापमान वाढवायला पाण्याला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय समुद्र ती उष्णता खोलवर मिसळत राहतो. जमिनीचा वरचा थर मात्र एकटाच भाजत असतो. मे महिन्यात राजस्थान आणि सिंधचा प्रदेश तापतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते, दाब उतरतो. त्याच सुमारास दक्षिण गोलार्धात हिवाळा सुरू होत असतो आणि मॉरिशसच्या दक्षिणेच्या बाजूला, मस्कारेन बेटांच्या परिसरात, समुद्रावर जास्त दाबाचे मोठे क्षेत्र तयार होते. हवा तिथून निघते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात ती डावीकडे वळते आणि विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे. म्हणून आग्नेयेकडून निघालेला वारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगत, एक-दीड किलोमीटर उंचीवर, त्याचा वेगवान प्रवाह बनतो आणि तिथून सगळा अरबी समुद्र चाटत तो सह्याद्रीवर येऊन आदळतो. महाबळेश्वरच्या कड्यावर जो थेंब पडतो, त्याच्यातले काही पाणी विषुववृत्तापलीकडच्या समुद्रातून उचललेले असते. हे मला माहीत आहे, तरी जुलैच्या दुपारी त्या पावसात उभी असताना खरे वाटत नाही.

त्या वाऱ्यातली ताकद बाष्पात साठवलेली असते, आणि तिचे माप आपल्या ओळखीच्या आकड्यांत पाहिले की छाती दडपते. एक चौरस किलोमीटरवर फक्त दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर ते दहा हजार टन पाणी होते. तेवढ्या बाष्पाचे पाणी होताना ढगात जी उष्णता सुटते ती सुमारे सत्तर लाख युनिट विजेइतकी असते. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने साडेतीन तास चालवला तर तेवढी वीज तयार होईल. एका चौरस किलोमीटरवरच्या, दहा मिलिमीटरच्या, कोणाच्या लक्षातही न राहणाऱ्या सरीची ही गोष्ट आहे. हीच उष्णता ढगाला आणखी वर ढकलते, वर गेलेल्या हवेच्या जागी आणखी ओली हवा ओढून घेते, आणि पाऊस पावसाला जन्म देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला पाऊणशेच्या आत; त्या दिवशी ही साखळी मुंबईच्या उपनगरांवर एका जागी अडकून राहिली होती.

पसरणीचा घाट उतरताना त्या गृहस्थांनी १९७२ च्या दुष्काळाचा विषय काढला. त्या वर्षी ते तरुण होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, एवढेच त्यांनी सांगितले. त्या काळाविषयी बोलणारी माणसे फारसे सविस्तर बोलत नाहीत, हे मी पूर्वीही पाहिले आहे. मला त्या वेळी गिल्बर्ट वॉकर आठवले. १८९९ चा पाऊस भयंकर हुकला होता. त्यानंतर १९०४ मध्ये केंब्रिजचा हा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून आला. पाऊस का हुकतो, याचे उत्तर त्यांनी भारताच्या आकाशात शोधले नाही. जगभरच्या ठाण्यांवरचे दाबाचे आकडे गोळा करून हाताने गणिते मांडली. प्रशांत महासागरावरचा दाब चढला की हिंदी महासागरावरचा उतरतो आणि उलट, हा झोका त्यातून सापडला. प्रशांत महासागराचे पाणी पेरूच्या बाजूला तापणे, म्हणजे एल निनो, आणि हा झोका एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत, हे १९६० च्या दशकाअखेरीस स्पष्ट झाले. १९७२ हे एल निनोचे वर्ष होते. अर्थात दर एल निनोला दुष्काळ पडतो असे नाही. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता आणि तरी देशाचा पाऊस सरासरीच्या घरातच राहिला. पण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे पाणी तापले आणि माणमध्ये एका तरुणाच्या हातात हातोडी आली, या दोन गोष्टींमध्ये एक खरा दुवा आहे, आणि त्या तरुणाला तो कधीच कोणी सांगितलेला नव्हता. तो मी त्या दिवशी बसमध्ये सांगावा का, याचा मी विचार केला, आणि सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "लई लांबनं हलतंय की मग," एवढे म्हणाले.

कारण कळल्याने दुःख कमी होते का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. हवामान एका जिल्ह्याचे नसते, हे आता सरकारी अंदाजांतही आले आहे. साताऱ्यासाठी वेगळा इशारा आणि साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिला जातो. हे योग्यच झाले. तरी अतिवृष्टीची भरपाई मिळायची तर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो, आणि वळवाचा किंवा परतीचा ढग मंडळाची हद्द पाहून पडत नाही. मापक असलेल्या गावात चाळीस मिलिमीटर आणि चार कोसांवरच्या शिवारात शंभर, हे विजांच्या ढगांच्या दिवसांत सहज घडते. अशा वेळी ज्याची माती वाहून गेली त्याच्याकडे दाखवायला आकडा नसतो. मापके वाढली पाहिजेत, गावागणिक झाली पाहिजेत; हा खर्च मला मुळीच अनाठायी वाटत नाही.

महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेले पाणी वाऱ्यावाटे माणला जात नाही, पण आता दुसऱ्या वाटेने जाते. कृष्णा त्याच माथ्यावर उगम पावते. तिचे पाणी जिहे-कठापूर योजनेतून पंपांनी उचलून खटाव आणि माणच्या बाजूला नेले आहे. समुद्राचे पाणी सूर्याने फुकट चौदाशे मीटर चढवले, ते नदीने खाली आणले आणि आता माणसे वीज खर्चून ते पुन्हा चढवतात. दुष्काळी गावाला ते पाणी मिळते आहे याचा मला आनंद आहे, आणि त्यासाठी पिढ्या जाव्या लागल्या याची चीडही आहे.

मात्र माणदेशाला स्वतःचा पाऊस नाही, असे समजणे चूक ठरेल. जुलैत तिथे पश्चिमेकडून ढग नुसते धावत जातात. वारा इतका असतो की वाटेवरच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभारल्या गेल्या. हा वारा सप्टेंबरमध्ये ढिला पडतो. तो जोरात असेपर्यंत हवेला जागच्या जागी उंच चढायला उसंत मिळत नाही. तो पडला की जमिनीवरचे ऊन आपले काम सुरू करते. बंगालच्या उपसागराकडून पूर्वेची ओली हवा येऊ लागते, दुपारपर्यंत उकडते, तीनच्या सुमारास ढगांचे मनोरे चढतात आणि संध्याकाळी विजा कडाडत पाऊस कोसळतो. या पावसाला सह्याद्री लागत नाही. उत्तरा आणि हस्ताचा हा पाऊस म्हणजे माणच्या वर्षातला मुख्य पाऊस. तिथली माणसे त्या दिवसांत पश्चिमेकडे नव्हे, पूर्वेकडे पाहतात. तो बेताने आला तर शाळूची पेरणी साधते. पेरणी झाल्यावर ज्वारीला आभाळाकडून फारसे काही मागावे लागत नाही. काळ्या मातीत मुरलेली ओल आणि हिवाळ्यातली थंडी यांवर ती कणसापर्यंत जाते, आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत आलेला पाऊस कोणालाच नको असतो, कारण तो दाणा काळा पाडतो.